बदलत्या पावसासाठी गावाची कामं आणि सरकारी निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, बचत गटातल्या ताई आणि गावासाठी धडपडणारी तरुण मंडळी यांच्यासाठी आहे. मोरी, बंधारा, नळयोजना, निवारा, दरडीपासून संरक्षण अशी कामं सरकारी निधीतून करायची तर प्रस्ताव कसा बांधायचा, याबद्दल प्रशिक्षणात आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

आधी योजना शोधायची की आधी काम ठरवायचं?

आधी काम ठरवायचं. बहुतेक गावांत उलटं होतं. जीआर निघतो, पंचायत समितीतून फोन येतो, चार दिवसांत प्रस्ताव द्या म्हणतात. मग घाईघाईत ज्याचं अंदाजपत्रक तयार असतं तेच काम जातं, म्हणजे पेव्हिंग ब्लॉक, सभामंडप, नाही तर प्रवेशद्वाराची कमान. ओढ्याकाठच्या वस्तीला दर पावसाळ्यात रात्र जागून काढावी लागते, पण तिथल्या मोरीचं कुणी मोजमापच घेतलेलं नसतं, म्हणून ती यादीत येत नाही.

निधी लेखाशीर्षानुसार, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यानुसार येतो, नुकसान तसं येत नाही. म्हणून गावानं स्वतःची पाच-सहा कामं नक्की करावीत. प्रत्येकाचा नकाशा, फोटो, जागेचे कागद आणि ढोबळ खर्च आधीच तयार ठेवावा. रोजगार हमीत कामांचा शेल्फ, म्हणजे तयार कामांची यादी ठेवतात, तसा गावाचा स्वतःचा शेल्फ हवा. योजनेचं नाव बदललं तरी फाइल तीच राहते, फक्त वरचा अर्ज बदलतो.

हवामान बदलाला तोंड देणारं काम म्हणजे नक्की काय? नेहमीच्याच कामाला नवं नाव का?

नाव बदलून भागत नाही, आकडा बदलावा लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं शेतं खरडून नेली, पिकांसोबत वरचा मातीचा थरही गेला. म्हणजे त्याच भागात काम कोरड्या वर्षात टिकलं पाहिजे आणि ढगफुटीसारख्या पावसातही.

साधी मोरी घ्या. जुन्या मापानं ९०० मिलीमीटर व्यासाचा पाइप टाकला जातो. त्याऐवजी १,२०० मिलीमीटरचा टाकला, तर पाणी वाहायची जागा जवळपास पावणेदोन पट होते. खर्च वाढतो हे खरं. पण पाइप तुंबून रस्ता वाहून गेला की शाळा, दवाखाना आणि दूध संकलन एकदम तुटतं, आणि दुरुस्तीचा खर्च पुन्हा पुन्हा होतो. प्रस्तावात हे लिहायचं: गेल्या दहा वर्षांत ही मोरी किती वेळा बुडाली, किती दिवस वाट बंद होती, कोण अडकलं आणि म्हणून कोणतं माप मागतो आहोत. नळयोजनेत हाच प्रश्न उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोताचा असतो. टाकी आणि पाइप नवे झाले, पण विहीर मार्चमध्येच तळ गाठते, तर तो खर्च कशासाठी केला?

पावसाची आणि पुराची माहिती कुठून मिळते?

महसूल मंडळनिहाय पावसाची नोंद महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर होते. तालुका कृषी कार्यालयात विचारा. भूजलाची पातळी आणि उद्भवाचा दाखला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून मिळतो. पाणलोटाचे नकाशे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे असतात, तर दरडप्रवणतेचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. मोठ्या नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाकडून पूररेषा मागून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पण तुमच्या ओढ्याची नोंद यातल्या एकाही कार्यालयात नसते. ती गावातल्या भिंतींवर असते. पूर ओसरल्यावर शाळेच्या, चावडीच्या, घरांच्या भिंतीवर गाळाची रेघ राहते. ती पुसली जाण्याआधी ऑइल पेंटनं खूण करा, शेजारी तारीख लिहा, जमिनीपासून उंची टेपनं मोजा आणि जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो काढा. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे अनेकांनी घरांवर अशा खुणा करून ठेवल्या. अभियंत्यासमोर "खूप पाणी येतं" म्हणण्यापेक्षा "अंगणवाडीच्या उंबऱ्यावर साडेतीन फूट पाणी, ही तारीख, हा फोटो" असं मांडलं की त्याला माप वाढवायला आधार मिळतो. तो आधार द्यायची जबाबदारी आपली आहे.

पाण्याचा ताळेबंद करायलाच हवा का? आमच्याकडे कुणी तज्ज्ञ नाही.

करायला हवा, आणि दहावी झालेली मुलं तो करू शकतात. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलीमीटर असेल, तर शिवारात वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडतं. त्यातल्या काहीचं बाष्पीभवन होतं, काही मातीत मुरतं, काही वाहून जातं. वाहून जाणाऱ्यातलं किती आपण आधीच अडवलं आहे हे जुन्या बंधाऱ्यांच्या साठवणीवरून काढता येतं.

आता खर्चाची बाजू. दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला साधारण तीन कोटी लिटर पिण्याचं आणि घरचं पाणी लागतं. पाटानं भिजवलेला ऊस वर्षाला ढोबळमानानं दोन हजार मिलीमीटर पाणी घेतो, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. अख्ख्या गावाचं घरगुती पाणी दीड हेक्टर उसात जिरतं. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडा. मग बंधारा कुठे हवा याच्या आधी पाणी कुणाच्या वाट्याला जातं हा विषय निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची शिस्त लावली, ती याच पायावर.

शेततळ्याबाबतही असंच. वाहून जाणारं पाणी साठवणारं शेततळं चांगलं. पण विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यात भरलं, की सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या मालकीचं होतं. सार्वजनिक पैशाचा प्रस्ताव लिहिताना हा फरक स्पष्ट लिहा.

'न्याय्य' काम म्हणजे काय? योजना तर सगळ्या गावासाठीच असते.

कागदावर सगळ्या गावासाठी असते. पाइपलाइन मात्र टाकीपासून सुरू होते आणि कुठेतरी संपते. ती कुठे संपते ते जाऊन बघा. बहुतेक वेळा शेवटचा नळ दलित वस्तीत, पाड्यावर, तांड्यावर किंवा नव्यानं वसलेल्या भूमिहीनांच्या घरांत असतो. दाब कमी असला की आधी तोच कोरडा पडतो. सकाळी पाणी सुटल्यावर घड्याळ आणि बादली घेऊन पहिल्या नळापाशी एक आणि शेवटच्या नळापाशी एक माणूस उभा करा. बादली भरायला किती वेळ लागला एवढंच लिहा. हा कागद प्रस्तावाला जोडला, तर वेगळी लाइन, मधली छोटी टाकी किंवा झडपा का हव्यात हे सांगायला पानंच्या पानं लागत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे विचारायचं कुणाला आणि कधी. बीड आणि आसपासच्या भागातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून हिवाळ्यात चालते, आणि २६ जानेवारीची ग्रामसभा ते उसाच्या फडात असताना भरते. ज्यांची घरं सखल जागेत आणि छपरं पत्र्याची, त्यांचंच मत आराखड्यात येत नाही. म्हणून अशा वस्त्यांत टोळ्या निघण्याआधी, भादव्यातच बैठक घ्या आणि तिची नोंद, सह्या-अंगठ्यांसकट, ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवा. स्थलांतर करणारे पालघर-नंदुरबारमधले आदिवासी असोत की मराठवाड्यातले मजूर, तारीख त्यांच्या सोयीनं ठरली पाहिजे.

तिसरी गोष्ट, कामाचा तोटा कुणाला होतो तेही पाहा. पूरसंरक्षक भिंत एका काठाला बांधली की पाणी समोरच्या काठावर चढतं. रस्ता उंच केला की लगतची घरं खड्ड्यात जातात. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी येतं, पण बुडालेली जमीन कुणाची होती? हे प्रश्न काम सुरू झाल्यावर निघाले तर भांडणं आणि कोर्टकचेरी होते.

महिला सभा घेतो, पण बायका बोलत नाहीत. काय करावं?

ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती कार्यालयात, सरपंचांच्या पतीसमोर, दुपारच्या कामाच्या वेळेत घेतली तर कोण बोलणार? वस्तीत घ्या, संध्याकाळची चूल आटोपल्यावर घ्या, आणि "काही समस्या आहे का" असं विचारू नका. नकाशा जमिनीवर काढा आणि पाणी कुठून आणता, मे महिन्यात कुठून आणता, पुरात लेकरं कुठे ठेवता, रात्री शौचाला कुठे जाता हे विचारा. निवारा केंद्रात महिलांसाठी स्वतंत्र खोली, संडास आणि आतून लागणारी कडी हवी ही मागणी पुरुषांच्या सभेतून क्वचितच येते. ती पुढे अंदाजपत्रकात बाब म्हणून दिसली पाहिजे. नुसती इतिवृत्तात राहिली तर बांधली जात नाही.

पैसे कोणकोणत्या खात्यातून मागता येतात?

वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. पंधराव्या आयोगात, २०२१-२६ या काळात, त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी संकलन आणि पुनर्वापरासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार करता येत नाहीत. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून आहे, तेव्हा खर्च बसवण्याआधी त्याच्या मार्गदर्शक सूचना वाचून घ्या.

जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो, आणि त्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे वेगळे भाग असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना, तांड्यांसाठी तांडा वस्ती सुधार योजना हे पैसे त्या त्या वस्तीचे आहेत. मुख्य चौकातला रस्ता त्यातून करणं म्हणजे वस्तीच्या तोंडचा घास काढणं, आणि असं होताना दिसलं तर ग्रामसभेत हरकत नोंदवा. पेसा क्षेत्रातल्या (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या) ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो. त्यावर ग्रामसभेचा अधिकार आहे.

जलसंधारणाची मातीकामं, सलग समतल चर, गाळ काढणं, वृक्षलागवड यांसाठी रोजगार हमी. महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राची व्यवस्था अलीकडे बदलली आहे, त्यामुळे मजुरी आणि साहित्याचं प्रमाण व कामांची यादी पंचायत समितीत ताजी तपासा. शेतीशी निगडित कामांसाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आहे. तो २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्यानं सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यात मुख्यतः मराठवाडा-विदर्भातल्या गावांत राबवला गेला. त्यातली ग्राम कृषी संजीवनी समिती आणि सूक्ष्म नियोजनाची पद्धत, योजनेत नसलेल्या गावांनीही उचलावी अशी आहे.

आपत्तीआधीच्या कामांसाठी सौम्यीकरण निधी आहे. पंधराव्या आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग यासाठी वेगळा काढला. तो जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत मागायचा असतो, आणि अनेक ग्रामपंचायतींना याची कल्पनाच नसते.

एकाच कामाला दोन योजनांचे पैसे चालतात का?

अभिसरण, म्हणजे योजनांची सांगड चालते, दुबार काम चालत नाही. खोदकाम रोजगार हमीतून आणि सिमेंटकाम दुसऱ्या निधीतून, असं बाबवार वेगळं दाखवता येतं. पण त्याच बाबीचं मोजमाप दोन मोजमाप पुस्तिकांत गेलं तर तो गैरव्यवहार ठरतो. म्हणूनच "सदर काम यापूर्वी अन्य योजनेतून घेतलेले नाही" असा दाखला मागतात. तो डोळे झाकून देऊ नका, जुनी नोंदवही उघडून बघा.

जागेचा प्रश्न सुटत नाही. काय करावं?

मंजूर कामं रखडण्याचं मोठं कारण जागा हेच आहे. खाजगी जमिनीवर टाकी किंवा विहीर घ्यायची असेल तर नुसतं स्टॅम्पपेपरवरचं संमतीपत्र पुरत नाही. मालक वारला की मुलं हरकत घेतात. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लावून घ्या. गायरान असेल तर महसूल विभागाची परवानगी लागते, आणि त्या गायरानावर कुणी भूमिहीन कुटुंब कसत किंवा राहत असेल तर आधी त्याच्याशी बोला.

वनजमिनीबद्दल बरीच गावं उगाच हात टेकतात. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सुविधांसाठी वनजमीन देण्याची सोपी वाट आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, छोटे तलाव, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, पाऊसपाणी साठवण, लघुसिंचनाचे कालवे ही त्यातली कामं. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेनं शिफारस केलेली असावी. प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो. ग्रामसभेच्या ठरावात गट क्रमांक किंवा कक्ष क्रमांक, क्षेत्र आणि झाडांची संख्या स्पष्ट लिहा. मोघम ठराव परत येतात.

फाइलमध्ये काय काय असावं?

ग्रामसभेचा ठराव, त्यात क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि उपस्थिती. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या लागते. जागेचे उतारे, स्थळदर्शक नकाशा, जिओटॅग फोटो, उद्भवाचा दाखला, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, दुबार काम नसल्याचा दाखला, देखभाल-दुरुस्तीची हमी. याशिवाय आम्ही दोन पानं नेहमी जोडायला सांगतो. एकात कोणाला, कधी, किती त्रास झाला याचा तक्ता, आणि दुसऱ्यात काम झाल्यावर कोणती घरं सुरक्षित होतील त्यांची यादी. ही पानं बंधनकारक नाहीत, पण प्राधान्यक्रम लावताना अधिकारी तीच वाचतात.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, पण दरडप्रवण यादीत नाव नाही. मागणी करता येईल का?

करा, आणि लवकर करा. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३ या दरडी आठवा. यातली इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ कधीच घेऊ नका.

डोंगरउतारावर नव्या भेगा, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, विजेचे खांब किंवा झाडं कलणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं या खुणा दिसल्या तर तारखेसह फोटो काढून तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी द्या, पोच घ्या, आणि भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करा. संरक्षक भिंतीचा प्रस्ताव पाहणीनंतरच करा. वरचं पाणी नीट वळवलं नाही तर भिंतच कोसळते. पुनर्वसन लागत असेल तर लोकांना शेत, गुरं आणि जंगल यांपासून किती दूर नेणार, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. पावसाळ्यापुरता तात्पुरता निवारा ही मागणी वेगळी लिहा, ती लगेच पूर्ण होऊ शकते.

कोकणात खारभूमीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून शेती राखणारे बांध फुटतात. कुठे जायचं?

आधी तो बांध शासकीय योजनेतला आहे की खाजगी, ते खारभूमी विकास कार्यालयात पाहा. शासकीय असेल तर दुरुस्ती त्या विभागाची. खाजगी असेल तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन योजनेत समावेशाची मागणी करावी लागते. बांधाबाहेरच्या कांदळवनाला हात लावू नका. लाटेचा पहिला मार तेच घेतं, आणि ते तोडलेलं दिसलं तर परवानगीच अडकते.

अभियंत्याला वेळ नसतो. अंदाजपत्रक आम्हीच केलं तर?

ढोबळ मापं तुम्ही घ्या. ओढ्याची रुंदी, खोली, पाण्याची खूण, उताराची दिशा हे सगळं कागदावर तयार असेल तर कनिष्ठ अभियंत्याची एका फेरीत पाहणी होते. दरसूचीनुसार अंदाजपत्रक आणि सही मात्र त्यांचीच. मंजुरीच्या टक्केवारीवर प्रस्ताव करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. ती टक्केवारी शेवटी सिमेंटमधून काढली जाते.

काम झाल्यावर सांभाळणार कोण?

हे प्रस्तावातच लिहा. वर्षाचं वीजबिल, पंपाची दुरुस्ती, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचं मानधन यांची बेरीज करा आणि तिला कुटुंबसंख्येनं भागा. आलेली पाणीपट्टी मजुरी करणाऱ्या घराला झेपत नसेल तर रचना बदला, सौरपंपाचा विचार करा किंवा विधवा, वृद्ध आणि दिव्यांगांच्या घरांसाठी सवलत ठरवून ती ठरावात घ्या. बंधाऱ्याचा गाळ आणि मोरीचा कचरा मे महिन्यात काढायचा, ही जबाबदारी नावानिशी ठरवा.

मुंबई-पुण्यात किंवा परदेशात राहणारे गावकरी काय करू शकतात?

सर्वात उपयोगाची मदत म्हणजे तयारीचा खर्च. सर्वेक्षण, मातीची तपासणी, नकाशा, बक्षीसपत्राची नोंदणी यांना सहसा कोणत्याही योजनेत पैसे नसतात, आणि त्यावाचून कोट्यवधींचा निधी गावाला मागता येत नाही. तुमच्यात स्थापत्य अभियंते किंवा नकाशाचं काम जाणणारे असतील तर एक रविवार गावात द्या. कोणतं काम आधी हे मात्र ग्रामसभेला ठरवू द्या.

प्रस्ताव दिला, पण काहीच कळत नाही.

आवक क्रमांक घेतला होता का? तो असेल तर दर महिन्याला त्याच क्रमांकानं लेखी विचारणा करा. उत्तर नसेल तर माहिती अधिकारात सद्यःस्थिती आणि प्राधान्ययादी मागा, ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे. त्रुटी निघाल्या असतील तर त्या लेखी घ्या. जिल्हा वार्षिक योजनेचा मसुदा हिवाळ्यात पक्का होतो, म्हणून त्रुटी दिवाळीपर्यंत दूर झाल्या तर पुढच्या वर्षाची संधी राहते. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेआधी प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश दोन्ही हातात आहेत का, ते तपासा.